दवाखाना आपला कधी होतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू चाळीसेक वर्षं दवाखान्यात काढलीस, त्याविषयी वीस मिनिटं बोल." नर्सला बोलायची सवय असते, पण ती "श्वास आत घ्या", "उगी उगी, झालं" एवढीच. तेव्हा सांभाळून घ्या. बोलता बोलता एक मागणीही करणार आहे, ती शेवटी.

आपण दहावी झालो त्याच वर्षी, १ मे १९८१ ला, जालना जिल्हा झाला. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके आणि परभणीचा परतूर मिळून. पेढे वाटलेले आठवत असतील. पण जिल्हा झाला तरी आजारी माणसाचा रस्ता काही बदलला नाही. आधी गावातला भगत नाहीतर डॉक्टर, मग जालन्याचं सिव्हिल किंवा मिशन, आणि तिथंही जमलं नाही की एकच वाक्य : "घाटीला न्या." मंठ्याकडच्या तांड्यावरून निघालेली बाळंतीण घाटीपर्यंत पोचायची म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर प्रवास. कधी बैलगाडी, कधी काळी-पिवळी, कधी एसटी. काही जणी पोचायच्या. काही पोचायच्या नाहीत.

"मिशन" हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याकडे चर्चशी जोडलेल्या कोणत्याही दवाखान्याला लोक मिशनच म्हणतात, पण त्यातही फरक आहे. जालन्यात मिशनचं काम उभं केलं ते रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. हे मूळचे देशस्थ ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने आपल्या भागात आले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. ही परंपरा प्रॉटेस्टंट. मी नर्स म्हणून घडले ती जागा कॅथलिक सिस्टरांची. मराठवाड्यासाठी कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला तो १९७७ साली. त्याआधी हा भाग अमरावतीकडे होता. शाळा, वसतिगृह आणि छोटा दवाखाना, अशा तीन गोष्टी घेऊन सिस्टरा खेड्यांत राहायला यायच्या. अशाच एका दवाखान्यात, शेजारच्या नगर जिल्ह्यात, माझी पहिली पाच वर्षं गेली. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला त्या एका दवाखान्याबद्दल बोलायचं नाही. अशा दवाखान्यांनी आपल्याला काय शिकवलं, त्याबद्दल बोलायचं आहे.

मला एक प्रश्न नेहमी पडायचा. दवाखाना आजारी माणसाचा असतो हे खरं, मग त्यात सिस्टरा कशा आल्या? याचं उत्तर शोधताना मला आपल्याच आनंदीबाई जोशी भेटल्या. आनंदीबाईंचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. बाईला बाई डॉक्टर मिळत नाही म्हणून बायका मरतात, हे त्यांनी स्वतः भोगलं. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. नेमका हाच प्रश्न स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅकलारेन यांना पडला होता. वयाची साठी ओलांडल्यावर त्या कॅथलिक झाल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर रावळपिंडीला आल्या. तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या. मॅकलारेनबाईंना वाटलं, सिस्टरा तर सगळीकडे आहेत, मग त्यांनाच डॉक्टर का करू नये?

अडचण चर्चच्याच नियमाची होती. व्रत घेतलेल्या बाईने वैद्यकी करायची नाही, बाळंतपण तर नाहीच नाही. मॅकलारेनबाईंनी रोमकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. १९१३ मध्ये त्या वारल्या, तोवर नियम बदलला नव्हता. त्यांच्याशी पत्रव्यवहार केलेली एक ऑस्ट्रियन मुलगी, अ‍ॅना डेंगेल, पुढे डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीला आली. दोघींची भेट कधी झालीच नाही. डेंगेलबाईंनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला आणि १९३६ साली रोमने अखेर परवानगी दिली की सिस्टरांनी डॉक्टरकी करावी, बाळंतपणंही करावीत. म्हणजे आपल्या खेड्यात पांढऱ्या साडीतली सिस्टर रात्री दोन वाजता कंदील घेऊन बाळंतपणाला निघायची, त्यामागे काही बायकांची पंचवीस-तीस वर्षांची लढाई होती.

त्या नियमाला सोळा वर्षं आधी एक अपवाद मिळाला होता. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. मेरी ग्लौरी मेलबर्नला चांगली प्रॅक्टिस करत होत्या. १९१५ मध्ये त्यांच्या हाती मॅकलारेनबाईंच्या कामाची एक पुस्तिका पडली. १९२० मध्ये त्या गुंटूरला आल्या, सिस्टर झाल्या आणि पोपच्या खास परवानगीने डॉक्टरकी करत राहिल्या. सदतीस वर्षं भारतात काढली, परत मायदेशी गेल्या नाहीत. मला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इतक्या मोठ्या भागाला आपण एकट्या पुरणार नाही हे त्यांनी लवकर ओळखलं आणि तिथल्याच मुलींना नर्स, सुईण आणि औषधं देणाऱ्या म्हणून शिकवलं. १९४३ मध्ये त्यांनी कॅथलिक दवाखान्यांची देशपातळीवरची संघटना सुरू केली. आज साडेतीन हजारांहून अधिक संस्था तिच्यात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या लहान जागा आहेत.

आता मी पाहिलेला दवाखाना कसा होता ते सांगते. वीसेक खाटा. एक डॉक्टर सिस्टर, दोन नर्स सिस्टरा, आम्ही चार मुली, एक कंपाउंडर. मोठ्या सिस्टर केरळच्या, पण मराठी अशी नगरी बोलायच्या की बाजारात कोणी ओळखायचं नाही. काचेच्या सिरिंजा पातेल्यात उकळायच्या, कापसाचे बोळे रात्री बसून वळायचे. वॉर्डाच्या मागे पत्र्याची शेड आणि तीन-तीन दगडांच्या चुली. नातेवाईक तिथे भाकरी थापायचे, म्हणून पेशंट आठ दिवस राहिला तरी घर हललं असं वाटायचं नाही. बिलाची एक जाड वही होती. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या नावापुढे "सुगीला" एवढंच लिहायचं. आणि सुगीला लोक यायचे. कोणी पैसे आणायचं, कोणी ज्वारीचं पोतं. सगळे यायचे असं नाही, पण वही कधी बंद झाली नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी जीप घेऊन फिरता दवाखाना निघायचा. बाजाराचाच दिवस का? तर त्या दिवशी बाई घराबाहेर पडू शकते. दवाखान्यात जाते म्हटलं तर सासू दहा प्रश्न विचारते, बाजाराला जाते म्हटलं की पिशवी हातात देते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते सिस्टरांना कुणी सांगितलं? आमच्याकडे काम करणाऱ्या एका सातवी शिकलेल्या बाईने. ती जवळच्या तांड्यावरची. झाडलोट करायला आली होती. सिस्टरांनी तिला आधी ताप बघायला शिकवलं, मग जखम धुवायला, मग बाळंतपणात मदत करायला.

एक रात्र सांगते. त्याच तांड्यावर एका बाईचं तिसरं बाळंतपण झालं आणि रक्त थांबेना. घरच्यांनी अंगारा लावून ठेवला होता. सासूचं म्हणणं, वाटेतच मेली तर प्रेत आणायचं कसं? आमच्या या बाईने सासूला त्यांच्या बोलीत काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही, पण अर्ध्या तासात बाज जीपमध्ये चढवली गेली. दवाखान्यात आम्ही सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, पोटावरून गर्भाशय दाबून धरलं. सकाळपर्यंत रक्त थांबलं. ती बाई वाचली. आम्ही केलं ते कोणत्याही शिकलेल्या नर्सने केलं असतं. पण ती दवाखान्यापर्यंत पोचली ती त्या सातवी शिकलेल्या बाईमुळे. इंजेक्शनचं काम त्यानंतर सुरू झालं.

इथे कोणाच्या मनात एक प्रश्न येत असेल, तो मलाही खूपदा विचारला गेला : "अगं, पण ते लोक धर्म वाढवायलाच येतात ना?" मी जे पाहिलं ते सांगते. पहाटे सहाला सिस्टरांची प्रार्थना व्हायची, ती त्यांच्या चॅपलमध्ये. आपल्या श्रद्धेमुळे आपण इथे आहोत हे त्या लपवत नव्हत्या. पण वॉर्डात कोणाला धर्म विचारलेला मी पाहिला नाही आणि केसपेपरवर तो रकानाही नव्हता. गावात संशय होता, बोलणीही व्हायची. त्यावर सिस्टरांनी कधी भाषण केलं नाही. ज्याने सकाळी चावडीवर शिव्या दिल्या त्याचंच पोर रात्री ताप घेऊन आलं, तर त्याच्यासाठीही त्याच तत्परतेने उठायचं, एवढंच केलं. पाच-दहा वर्षांत गावाने आपलं मत आपणच बनवलं. आणखी एक गोष्ट. त्या काळात घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतून मुली नर्सिंगला जात नव्हत्या. विटाळ काढायचं काम म्हणून नाक मुरडायचे. मी गेले तेव्हा आमच्या घरी काय झालं ते माझ्या मैत्रिणींना माहीत आहे. महाराष्ट्रात हे काम प्रतिष्ठेचं केलं ते मुख्यतः ख्रिस्ती मुलींनी. मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलने १८९७ मध्येच नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं होतं. आपण त्यांच्या मळलेल्या वाटेवरून चाललो, हे कबूल करायला हवं.

पण मिशनच्या दवाखान्याची एक मर्यादाही होती आणि ती सगळ्यांत आधी मिशनच्याच माणसांनी ओळखली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होतं. दिवसभर पेशंट तपासायचे, बरे करून पाठवायचे, आणि तेच पेशंट तोच जुलाब, तेच कुपोषण घेऊन परत यायचे. बहुतेक आजार असे की व्हायलाच नको होते. दवाखाना वाट बघत बसतो, आजार गावात वाढत राहतो. १९७० मध्ये ते जामखेडला गेले, बीडच्या हद्दीला लागून. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. परक्या गावात एकटी तरुण मुलगी कशी राहणार, आणि गाव तिचं का ऐकणार? मग गावानेच निवडलेली, त्याच गावची बाई घ्यायची ठरली. बहुतेक जणी निरक्षर, अनेक जणी दलित. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन त्या शिकायच्या : पाणी, जुलाब, गरोदर बाईची तपासणी, पोराचं वजन. ज्या बाईला गाव विहिरीवर येऊ देत नव्हतं, तिच्याकडे गाव पोर दाखवायला येऊ लागलं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडची पद्धत जगभरचे लोक येऊन शिकून गेले. २००५ नंतर आपल्या गावात आशाताई आली, तिची मुळं शोधायला गेलात तर एक मूळ जामखेडला सापडेल.

सिस्टरांचा दवाखाना सोडून मी सरकारी नोकरीत आले आणि आपल्याच जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयांत स्टाफ नर्स म्हणून राहिले. या काळात खूप बदललं. रस्ते झाले. २०१४ पासून १०८ ची गाडी आली. जालन्यात शंभर पावलांवर खासगी हॉस्पिटलच्या पाट्या लागल्या. बारवाले यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्री गणपती नेत्रालयाने खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्यांना नजर दिली, हे तुम्ही सगळे जाणताच. आणि २०२४ मध्ये जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ज्या जिल्ह्याला आयुष्यभर "घाटीला न्या" ऐकावं लागलं, त्या जिल्ह्यात आता डॉक्टर घडणार. त्याचा आनंद मला कोणाहूनही कमी नाही.

मग आता काय कमी आहे? शेजारच्या बीड जिल्ह्याचं एक उदाहरण देते. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी जणी अजून पस्तिशीच्या आतल्या. अंबड-घनसावंगी-मंठ्याकडूनही बायका कोयता घेऊन कारखान्यावर जातात, म्हणजे ही गोष्ट लांबची नाही. आता विचार करा, या बायकांना डॉक्टर भेटला नव्हता का? भेटला होता. ऑपरेशन थिएटरही होतं. नव्हतं ते एवढंच : "बाई, थांब. अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. आधी गोळ्या घेऊन बघ," असं सांगणारं, आणि जिचं ती ऐकेल असं, आपलं माणूस. सातवी शिकलेल्या त्या तांड्यावरच्या बाईची जागा रिकामी होती.

चाळीस वर्षांत मला एवढं कळलं. इमारत सरकार बांधतं, मिशन बांधतं, ट्रस्ट बांधतो. डॉक्टर येतात, बदली होते, जातात. त्यात त्यांचा दोष नाही. दवाखाना आपला होतो तो आपल्यातली एखादी मुलगी तिथे शिकून उभी राहते तेव्हा. गुंटूरच्या ग्लौरीबाईंनी हेच केलं, जामखेडला हेच झालं. आज अनेक ठिकाणी सिस्टरांची संख्या कमी होते आहे, म्हाताऱ्या सिस्टरांच्या जागी नव्या येत नाहीत. त्यांनी धरलेली जागा आता कोणी धरायची, हा प्रश्न चर्चचा नाही. आपला आहे.

म्हणून ती मागणी. आपल्या बॅचचा निधी जमला आहे. शाळेच्या फाटकावर आपल्या नावाची कमान बांधायची असा प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण माझा प्रस्ताव असा की या निधीतून आपल्या शाळेतून बारावी झालेल्या, खेड्यातल्या किंवा तांड्यावरच्या दोन मुलींना दरवर्षी नर्सिंगला पाठवावं. फीचा काही भार सरकारी सवलतीत सुटतो. मुलगी अडते ती हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं आणि येण्या-जाण्याच्या भाड्यावर. जीएनएमची तीन वर्षं तिला तेवढा आधार द्यायचा. निवड मुख्याध्यापक आणि दोन बाईंनी करावी, आणि त्या गावच्या आशाताईला विचारून करावी, कारण कोण टिकेल हे तिला आपल्याहून जास्त कळतं. परत गावातच ये अशी अट लिहून घेऊ नये. फक्त सुट्टीत पंधरा दिवस तिने आपल्या गावच्या आशाताईबरोबर घरोघर फिरावं. आपलेपणा करारात लिहून घेता येत नाही, पण सवयीने येतो. शिकवणीला मी आहे. निवृत्त झाले आहे, वेळच वेळ आहे.

जेवणानंतर यावर हात वर करायचे आहेत. मी माझं मत सांगितलं, तुम्ही तुमचं सांगा. एवढंच लक्षात घ्या, की कमान पुढच्या वर्षीही बांधता येईल. यंदा बारावी झालेली मुलगी मात्र पुढच्या वर्षीपर्यंत थांबलेली नसेल. तिचं लग्न झालेलं असेल.

सर, बाई, तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकलंत. वर्गात आम्ही तुमचं एवढं शांतपणे ऐकलं नव्हतं.